दीडशे रुपयांची तोफ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा लेखरूप पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी वक्त्याने तोफेसारखा विषय निवडावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु आपण भिलाईकर आहोत. लोखंड कसे जन्मते, कसे वाकते आणि अखेर पुन्हा भट्टीत कसे जाते, हे आपण जितके जवळून पाहिले आहे तितके फार थोड्यांनी पाहिले असेल. म्हणून जुन्या लोखंडाचे आणि जुन्या काशाचे काय करावे हा प्रश्न मांडण्यास यापेक्षा योग्य सभा आम्हांस सुचली नाही.

इंग्लंड-अमेरिकेत अलीकडे एक व्यापार चांगलाच स्थिरावला आहे. दुसऱ्या महायुद्धात रणांगणावर वापरलेल्या तोफा कोठून तरी शोधून काढावयाच्या, त्यांचा गंज खरवडून काढावयाचा, कुजलेली लाकडे, झिजलेले टायर व तुटलेले सुटे भाग बदलावयाचे, मूळचा हिरवा रंग द्यावयाचा आणि हौशी संग्राहकांपुढे त्या विक्रीस मांडावयाच्या, असा तो व्यापार आहे. अशा विक्रीत इंग्रजांची पंचवीस पौंडी तोफ विशेष आवडीची. पंचवीस पौंडांचा, म्हणजे सुमारे ११ किलो वजनाचा गोळा ती १२ किलोमीटरपर्यंत फेकीत असे. तोफेखाली एक वाटोळे चाक असे; ते जमिनीवर टाकून त्यावर तोफ चढविली की मोजक्या माणसांना ती चहूदिशांना फिरविता येई. ही तोफ आपल्याला परकी नाही. आपल्या तोफखान्यानेही १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईपासून १९७१ च्या युद्धापर्यंत ती वापरली.

अशी तोफ विकणे हे खेळणे विकण्यासारखे नाही, हे त्या देशांनीही जाणले आहे. इंग्लंडात तोफेची नळी व खटका कायमचे निकामी करून तसा दाखला मिळाला, की मगच ती शोभेची वस्तू म्हणून परवान्याशिवाय बाळगता येते. अमेरिकेत गोळा डागू शकणारी तोफ १९६८ च्या कायद्याप्रमाणे विध्वंसक साधनांत मोडते. तिची नोंदणी व कर चुकत नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्याने तोफखान्याची हत्यारे निषिद्ध शस्त्रांत घातली आहेत. केंद्र सरकारच्या खास अनुमतीवाचून ती कोणासही बाळगता येत नाहीत. मात्र जे शस्त्र कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोलाचे आहे, आणि दुरुस्त करूनही डागता येणार नाही, त्याला त्याच कायद्याने सवलत दिली आहे. शिवाय १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही आणि तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. महायुद्धातील तोफा अजून शंभरीला पोचल्या नाहीत. आणखी पंधरावीस वर्षांनी त्याही पुराणवस्तू ठरतील. थोडक्यात, आज जे भंगार आहे ते उद्या कायद्यानेच वारसा होणार आहे, आणि मधल्या काळात ते टिकते की नाही एवढाच प्रश्न उरतो.

हा मधला काळच सर्वांत धोक्याचा. याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे आणि ते विस्ताराने सांगण्यासारखे आहे.

विजापूरच्या तटावर मलिक-ए-मैदान, म्हणजे रणभूमीचा स्वामी, या नावाची तोफ आहे. आपले लोक तिला मुलुखमैदान म्हणतात. ही तोफ विजापुरात नव्हे, तर अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १५४९ साली बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत ओतली गेली. ओतणाऱ्याचे नाव मुहम्मद बिन हसन रूमी. लांबी चौदा फुटांहून अधिक, तोंडाचा व्यास जवळजवळ पाच फूट, आणि वजन सुमारे ५५ टन सांगतात. तोंडाशी सिंहाचा जबडा कोरलेला असून त्याच्या दाढेत हत्ती सापडलेला दाखविला आहे. धातू घंटेच्या जातीचा असल्याने तोफेवर टिचकी मारली तरी ती गुणगुणते. पुढे ती परांडे किल्ल्यावर होती. तेथून १६३२ च्या सुमारास आदिलशाहीतील मराठी मुत्सद्दी मुरार जगदेव यांनी ती विजापुरास आणली. ती ओढण्यास शेकडो बैल आणि हत्ती लागले, अशी आख्यायिका आहे. औरंगजेबाने विजापूर जिंकल्यावर त्यानेही आपल्या विजयाचा लेख तिच्यावर कोरविला.

आता १८५४ साली या. सातारचे राज्य खालसा होऊन सहा वर्षे झाली होती आणि विजापूरचा कारभार सातारच्या कमिशनराकडे होता. त्या कार्यालयाच्या लेखी विजापुरात पडून असलेल्या जुन्या तोफा म्हणजे निरुपयोगी जडसंग्रह होता. आपल्यापैकी ज्यांनी सरकारी खात्यात वा कारखान्यात डेड स्टॉकची नोंदवही सांभाळली आहे त्यांना ही भाषा लगेच ओळखू येईल. वस्तू जुनी झाली, कामाची उरली नाही, जागा अडविते, तेव्हा तिचे निर्लेखन करून लिलाव करावा. हुकूम सुटला, लिलाव पुकारला गेला, आणि मुलुखमैदान तोफेस सर्वांत मोठी बोली आली ती दीडशे रुपयांची.

दीडशे रुपये! टनामागे तीन रुपयेदेखील पडले नाहीत. ज्या धातूसाठी निजामशाहीने खजिना ओतला आणि ज्या तोफेवर बादशहाने आपले नाव कोरविले, तिला मोडीचा भावसुद्धा नीट आला नाही. भाव न येण्याचे कारणही सरळ असावे. एवढे धूड तटावरून उतरवायचे कसे आणि फोडायचे कशाने, या खर्चाचाच हिशेब बोली करणाऱ्याने केला असणार.

परंतु लिलाव कायम झाला नाही. बोली फारच थोडी आहे, आणि या तोफेविषयी येथील लोकांच्या मनात पूज्यभाव आहे, असे विजापूरच्या अधिकाऱ्यांनी वर कळविले. विक्री रद्द झाली. तोफ आजही तेथेच आहे. विजापूरचे अधिकृत नाव २०१४ साली विजयपुरा झाले, राज्यकर्ते बदलले, राज्यांच्या सीमा बदलल्या; सिंहाचा तो जबडा जागच्या जागी आहे.

बंधुभगिनींनो, आमचे आयुष्य सरकारी कागदांत गेले असल्याने या कथेतील जो भाग आम्हांस सर्वाधिक मोलाचा वाटतो तो आपणांस सांगितला पाहिजे. येथे कोणी लढाई केली नाही आणि मोर्चा काढला नाही. एका कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयास चार ओळी लिहिल्या, एवढेच घडले. त्या चार ओळी लिहिणारा गप्प राहिला असता तर त्यास कोणी दोष दिला नसता. हुकूम वरूनच आला होता. कागदावर एक खरे वाक्य वेळेवर लिहिण्याची किंमत पंचावन्न टन काशाइतकी असू शकते, हे आमच्या पेशातील लोकांनी विसरू नये.

ज्यांच्या बाबतीत असे वाक्य कोणी लिहिले नाही, त्या तोफांचे काय झाले तेही पाहू. महादजी शिंदे यांच्या फौजेत द बॉयनने कवायती पलटणी उभारल्या आणि आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. त्या इतक्या उत्तम होत्या की १८०३ साली असईच्या लढाईत सुमारे शंभर तोफा हाती आल्यावर वेलस्लीनेही त्यांची वाखाणणी केली. चाळीस वर्षांनी, २९ डिसेंबर १८४३ रोजी, महाराजपूर आणि पनियार येथे ग्वाल्हेरच्या फौजेचा पराभव झाला. जिंकलेल्या तोफा कलकत्त्यास गेल्या. टांकसाळीत त्यांचे कासे वितळवून तारे घडविण्यात आले, आणि ते तारे त्या लढायांत भाग घेतलेल्या इंग्रजी फौजेच्या छातीवर पदके म्हणून लावण्यात आले. आणखी काही धातू कलकत्त्यात गंगातीरी उभारलेल्या ग्वाल्हेर स्मारकाच्या घुमटासाठी वापरला गेला. ते स्मारक आजही प्रिन्सेप घाटाजवळ आहे. पदके युरोप-अमेरिकेतील लिलावांत अधूनमधून दिसतात. संग्राहक त्यांना चांगली किंमत देतात; परंतु त्या ताऱ्यांत कोणती तोफ आहे, तिचे नाव काय होते, ती कोणी ओतली, हे सांगता येत नाही. धातू टिकला, तोफ गेली.

आपल्या गडकोटांवर आज बहुधा लोखंडी तोफाच पडलेल्या दिसतात, काशाच्या क्वचितच, याचेही कारण हेच. तांबे महाग, म्हणून काशाच्या तोफा उचलल्या गेल्या, वितळल्या. लोखंडी तोफांना बाजार नव्हता म्हणून त्या दरीत, पाण्यात, झुडपांत लोळत राहिल्या. वितळविण्यास जी फायद्याची तीच आधी गेली, हा क्रूर पण सरळ व्यवहार. जंजिऱ्याची कलालबांगडी अथवा दौलताबादची मेंढा तोफ यांसारख्या मोजक्या तोफा भाग्यवान म्हणावयाच्या. मुंबईच्या राजभवनाच्या आवारात सुमारे बावीस टन वजनाच्या दोन तोफा टेकडीच्या पायथ्याशी कित्येक वर्षे पडून होत्या. २०१८ साली क्रेन लावून त्या वर आणण्यात आल्या. अलीकडे तरुण मंडळी वर्गणी गोळा करून गडावरील तोफांना सागवानी तोफगाडे करून देत आहेत, हेही आवर्जून सांगितले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्या किल्ल्यांवरील गंजलेल्या तोफेकडे आता परदेशी पाहुणाही थांबून पाहील. तिच्याजवळ तिची हकीकत लिहिलेली असेल का, हा प्रश्न आपला आहे.

येथवर आम्ही छत्तीसगडाबाहेर फिरत होतो. आता घराकडे येऊ, कारण ज्या वर्षी मुलुखमैदानीचा लिलाव पुकारला गेला त्याच १८५४ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, आणि त्याबरोबर हा आपला छत्तीसगडही इंग्रजी अमलाखाली गेला. १७४१ साली भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून आले. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला. म्हणजे मराठी माणूस कारखान्याच्या नोकरीसाठी येथे येण्यापूर्वी दोन शतके मराठी भाषा या मातीत बोलली जात होती. राज्य खालसा झाल्यावर नागपूरच्या राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले आणि जडजवाहीर कलकत्त्यास विकावयास गेले. राणीवशाच्या डोळ्यांदेखत घराचा असा बाजार झाला.

त्याच घराण्याच्या पहिल्या रघूजीराजांची एक तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात विक्रीस आली. ती हिंदुस्थानाबाहेर कशी गेली हे तर्कानेच सांगावे लागते. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत ती गेली असावी असे मानतात. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांस घेतली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. नागपूरकरांचे जे राज्य आपल्या दारापर्यंत पसरले होते, त्याची ही खूण परत आली याचा आनंद भिलाईच्या मराठी घरांतही झाला असेल.

परंतु येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. युरोपी बनावटीचे पाते असलेल्या, मराठी मुठीच्या तलवारी जगात पुष्कळ आहेत. हीच तलवार रघूजीराजांची, हे कशावरून ठरले? तिच्या पात्यावर देवनागरीत, सोन्याच्या अक्षरांत, त्यांचे नाव आणि सेनासाहेब सुभा हा किताब कोरलेला आहे म्हणून. ती अक्षरे नसती तर लिलावगृहाच्या यादीत ती एक जुनी मराठा तलवार म्हणून आली असती आणि कोणा संग्राहकाच्या भिंतीवर निनावी लटकली असती.

आता मुलुखमैदान, ग्वाल्हेरच्या तोफा आणि ही तलवार यांचे भाग्य शेजारी ठेवून पाहा. पहिली वाचली, कारण तिची ओळख लोकांच्या मनात जिवंत होती आणि कोणीतरी ती कागदावर उतरविली. दुसऱ्या वितळल्या आणि निनावी झाल्या. तिसरी परत आली, कारण तिची ओळख तिच्याच अंगावर लिहिलेली होती. महायुद्धातील तोफा विकणारा आजचा व्यापारीही हेच जाणतो. दोन सारख्या तोफा असल्या, तर जिच्या नळीवर व गाड्यावर मूळचे क्रमांक, कारखान्याचे नाव व साल स्पष्ट आहे आणि जी कोणत्या पलटणीबरोबर कोठे गेली याचे कागद आहेत, तिला अधिक भाव येतो. गिऱ्हाईक लोखंडाबरोबर हकीकत विकत घेत असतो. तोफेचे वजन काट्यावर ठरते, तिचे मोल तिच्या नोंदीवर ठरते.

संग्राहकांवर आम्ही टीका करीत आहोत असे कोणी समजू नये. पुष्कळदा सरकारने मोडीत काढलेली वस्तू एका वेड्या हौशी माणसाने वाचविली आहे, हे जगभरचे सत्य आहे. १८५४ साली विजापुरात एखादा धनवान संग्राहक असता तर त्याने दीडशेवर कितीतरी बोली केली असती. पण मग सिंहाचा तो जबडा कोणत्या देशातील कोणत्या बागेत असता, आणि त्यावर टिचकी मारून त्याचा नाद ऐकण्याचा हक्क कोणाला उरला असता, याचाही विचार करावा. ज्या वस्तूवर अनेकांची स्मृती आहे ती शक्यतो तिच्या जागी, सर्वांच्या मालकीची राहावी. आणि ते शक्य नसेल तेव्हा निदान तिची हकीकत तिच्याबरोबर जावी. एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमचे शासन या बाबतीत अगदी उदासीन आहे असेही नाही. ज्या अहमदनगरात मुलुखमैदान ओतली गेली, त्याच शहरात १९९४ पासून सैन्यातील रणगाड्यांचे संग्रहालय आहे. निवृत्त तोफा व रणगाडे शाळा-महाविद्यालयांच्या आवारात आणि चौकाचौकांत ठेवण्यास देण्याची पद्धतही आहे. अशा तोफेवर मुले चढून घसरगुंडी खेळतात आणि आपण कौतुकाने छायाचित्र काढतो. परंतु चौथऱ्यावर पाटी असते का? असली तर तीवर चौथऱ्याच्या उद्घाटनास आलेल्या पाहुण्यांचे नाव मोठ्या अक्षरांत आणि तोफेची हकीकत एका ओळीत, असे तर होत नाही ना?

विक्रांत या युद्धनौकेची कथा तर आपणास विशेष लागू आहे. १९७१ च्या युद्धात पराक्रम केलेली ही नौका संग्रहालय म्हणून काही वर्षे मुंबईत होती. तिची देखभाल परवडेना. अखेर २०१४ साली सुमारे साठ कोटी रुपयांस ती भंगारात विकली गेली आणि मुंबईच्या दारूखान्यात तिचे तुकडे झाले. त्यातील काही धातूचा उपयोग पुढे मोटारसायकली बनविण्यात झाला, आणि लोकांनी त्या विक्रांतची आठवण म्हणून विकत घेतल्या. पुढे २ सप्टेंबर २०२२ रोजी नवी विक्रांत नौदलात दाखल झाली. तिच्यासाठी सुमारे ३०,००० टन खास पोलाद स्टील अथॉरिटीने पुरविले, आणि ते पुरविणाऱ्या कारखान्यांत आपले भिलाई होते. जुनी विक्रांत आपण राखू शकलो नाही, नवीला पोलाद मात्र आपण दिले. या दोन वाक्यांत अभिमान आणि हळहळ दोन्ही आहेत, आणि भिलाईच्या माणसाने दोन्ही जवळ बाळगावीत.

कारण भट्टीला स्मृती नसते. कन्व्हर्टरमध्ये कच्च्या लोखंडाच्या रसाबरोबर भंगारही टाकावे लागते. त्यात रुळाचा तुकडा आहे की नांगराचा फाळ, हे पोलादास ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. तो भट्टीचा धर्म आहे. माणसाचा धर्म मात्र टाकण्यापूर्वी पाहण्याचा आहे.

आता शेवटचा आणि आमच्या मते खरा मुद्दा. आपल्यापैकी कोणाच्या घरी तोफ नाही. परंतु भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली तेव्हापासून विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून जी घरे येथे आली, त्यांनी आपल्याबरोबर काहीतरी आणले होते. कोणाकडे आजीचे तांब्याचे घंगाळ आहे, कोणाकडे सैन्यातून परतलेल्या काकांचे पदक, कोणाकडे मोडी लिपीतील दस्तऐवजांचे दप्तर, कोणाकडे वडिलांनी पहिल्या पाळीस वापरलेले शिरस्त्राण. नोकरी संपते, सेक्टरमधील क्वार्टर रिकामे करावे लागते, मुले पुण्यात, बंगळूरात किंवा समुद्रापलीकडे असतात. ट्रक दाराशी उभा असतो, जागा थोडी असते, आणि भंगारवाला तराजू घेऊन अंगणात येतो. त्या एका दुपारी प्रत्येक घराचे १८५४ साल उगवते. घंगाळास किलोवर भाव मिळतो, पदकास तोही मिळत नाही, आणि दप्तर रद्दीत जाते.

सारे काही ठेवता येत नाही, हे आम्ही जाणतो. ठेवावे असाही आग्रह नाही. आमची विनंती फार लहान आहे. वस्तू विकण्यापूर्वी, देण्यापूर्वी किंवा टाकण्यापूर्वी तिच्याविषयी चार ओळी लिहा: कोणाची, कोठली, कोणत्या साली येथे आली आणि तिच्याबरोबर कोण आले. शक्य तर एक छायाचित्र. आपल्या मंडळाने अशा नोंदींची एक वही ठेवावी. दर वर्षी गणेशोत्सवात ती सर्वांसमोर उघडावी, आणि ज्या वस्तूंना घरात जागा नाही पण ज्यांची हकीकत सर्वांची आहे, त्यांसाठी मंडळाच्या वास्तूत एक कपाट करावे. पन्नास वर्षांत मंडळाने नाटके केली, व्याख्याने योजिली, लग्ने जमविली, संकटात एकमेकांच्या पाठीशी उभे केले. पुढील पन्नास वर्षांत येथे जन्मलेल्या नातवंडांनी विचारले, की आपण या गावात कोठून आलो, तर उत्तर म्हणून त्यांच्या हाती काही असावे.

मुलुखमैदान तोफ एका कागदाने वाचली. आपल्या घरांतील गोष्टी वाचविण्यास त्याहून मोठा कागद लागणार नाही. या वहीचे पहिले पान या वर्षीच भरले जावे, अशी आमची इच्छा आहे.